समृद्धीवर हायब्रिड गाडी: वेगात वीज नेमकं काय करते?

धामणगावजवळ समृद्धी महामार्गावर चढलो तेव्हा सकाळचे सात वाजले होते. गाडी भाच्याची, चार महिन्यांपूर्वी घेतलेली, पेट्रोलवर चालणारी पण हायब्रिड. नागपूरच्या वाटेवर एका हलक्या उतारावर त्यानं अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय जरासा सैल केला. वेग ताशी ९७ किलोमीटर. समोरच्या पडद्यावर ‘ईव्ही’ ही अक्षरं हिरवी उजळली आणि इंजिनाची घरघर थांबली. टायरचा आणि वाऱ्याचा आवाज तेवढा उरला. दहा-बारा सेकंदांनी चढ लागला, अक्षरं विझली, इंजिन पुन्हा सुरू झालं.

“मामा, पाह्यलं? लोक म्हनतेत का चाळीसच्या वर गेली का बॅटरी सुटली. मंग हे काय होय?”

प्रश्न रास्त होता. हायब्रिड गाडीबद्दल आपल्याकडे दोन गोष्टी हमखास ऐकू येतात. एक म्हणजे, वेग वाढला की ती साधी पेट्रोल गाडीच होते, बॅटरी नुसतं ओझं. दुसरी, ती स्वतःच चार्ज होते, म्हणजे अर्धा रस्ता फुकटात. दोन्ही चूक आहेत. वेगातही वीज काम करत असते. पण ते काम गाडी ओढण्याचं कमी आणि इंजिनाला हाताळण्याचं जास्त असतं. हे नीट कळलं तर गाडी घ्यावी की नाही आणि घेतल्यावर कशी चालवावी, याचं उत्तर आपोआप मिळतं.

आधी एक गाळणी लावू. ‘हायब्रिड’ म्हणून विकल्या जाणाऱ्या सगळ्या गाड्या सारख्या नाहीत. मारुतीनं २०१५ साली सियाझ डिझेलमध्ये जी पद्धत आणली आणि नंतर एर्टिगा, ब्रेझा अशा गाड्यांत वापरली, ती सौम्य हायब्रिड. तिच्यात पट्ट्यावर चालणारा एक लहान स्टार्टर-जनरेटर असतो. सिग्नलला इंजिन बंद-चालू करणं आणि गाडी वेग घेताना थोडा रेटा देणं, एवढंच तो करतो. नुसत्या विजेवर ती गाडी कुठल्याच वेगाला चालत नाही. इथे लिहितोय ते दुसऱ्या जातीबद्दल, ज्याला कंपन्या ‘स्ट्राँग हायब्रिड’ म्हणतात: २०२२ साली आलेल्या टोयोटा हायरायडर आणि मारुती ग्रँड विटारा, त्यांची मोठी बहीण इनोव्हा हायक्रॉस, आणि वेगळ्या घडणीची होंडा सिटी. भाच्याची गाडी पहिल्या जोडीतली आहे.

आता आकडे पाहू. या गाडीत दीड लिटरचं तीन सिलिंडरचं इंजिन आहे, ९२ पीएसचं. सोबत ८० पीएसची विजेची मोटर. दोन्ही मिळून १७२ व्हायला हवेत असं वाटेल, पण कंपनी सांगते ११६. कारण मोटरला तेवढी वीज पुरवण्याची बॅटरीची ताकदच नाही. बॅटरी आहे ०.७६ युनिटची. घरच्या वीजबिलातलं एक युनिट म्हणजे जे, तेच हे युनिट. म्हणजे पूर्ण भरलेली बॅटरीसुद्धा एक युनिटाइतकी नाही. त्यातही आयुष्य टिकावं म्हणून गाडी तिला तळापर्यंत रिकामी करत नाही आणि काठोकाठ भरतही नाही. हातात राहतं ते साधारण अर्धं.

दुसरीकडे रस्ता काय मागतो? चौघं बसलेल्या दीड टनाच्या अशा गाडीला सपाट रस्त्यावर ताशी ६० नं जाताना, माझ्या ढोबळ हिशेबानं, साडेचार-पाच किलोवॅट लागतात. १०० ला चौदाच्या आसपास. १२० ला एकवीस-बावीस. वेग दुप्पट झाला आणि मागणी साडेचार पटीच्या वर गेली. हे सगळं हवेचं काम आहे. चाकांचा विरोध वेगासोबत फारसा वाढत नाही, पण हवेचा विरोध वेगाच्या वर्गानं वाढतो. सायकलवर समोरून वारा आला की पाय कसे भरून येतात, ते आठवावं.

मग त्या अर्ध्या बॅटरीत गाडी किती जाईल? ६० च्या वेगाला चार-साडेचार किलोमीटर. १२० ला जेमतेम एक मिनिट, म्हणजे दोन किलोमीटर. मोटर १२० च्या वेगाला गाडी ओढू शकते, तिच्यात तेवढा जोर आहे. साठा नाही. म्हणून हिरवी अक्षरं उतारावर किंवा पाय सैल केल्यावर येतात आणि चढावर विझतात. भाच्याच्या प्रश्नाचं हे पहिलं, अर्धं उत्तर.

उरलेलं अर्धं जास्त महत्त्वाचं आहे आणि ते समजायला ट्रॅक्टर बरा पडतो.

पावसाळ्यात आपल्या काळ्या मातीत ट्रॅक्टर फसलेला कोणी पाहिला नाही? एक मागचं चाक चिखलात गरगर फिरतं, दुसरं बऱ्या जमिनीवर असूनही ढिम्म उभं. इंजिन जोरात, धूर भरपूर, ट्रॅक्टर जागचा हलत नाही. दोष इंजिनाचा नाही. मधल्या डिफरन्शियलचा स्वभावच तसा. त्याच्याकडे एक दांडा जोर आणतो आणि दोन दांडे तो घेऊन जातात. तिघांच्या फेऱ्या एकमेकांशी बांधलेल्या असतात, पण ज्या बाजूला विरोध नाही, तिकडे सगळ्या फेऱ्या पळून जातात. दुसऱ्या चाकाला जोर मिळायचा तर चिखलातल्या चाकाला कशानं तरी धरावं लागतं. त्यासाठीच ट्रॅक्टरला डिफरन्शियल लॉकचं पेडल दिलेलं असतं.

टोयोटाच्या हायब्रिडचं हृदय म्हणजे असाच एक तीन दांड्यांचा गिअर. मधोमध एक दातेरी चाक, त्याच्याभोवती फिरणारी छोटी चाकं, आणि सगळ्यांना वेढणारं आतून दातेरी असलेलं कडं. सूर्याभोवती ग्रह फिरावेत तशी रचना, म्हणून नाव प्लॅनेटरी गिअर. छोट्या चाकांना धरणाऱ्या चौकटीला इंजिन जोडलेलं आहे. कड्याचं नातं गाडीच्या चाकांशी, आणि मोठ्या मोटरचंही त्याच बाजूला. मधल्या सूर्यचाकाला जोडलेलं आहे आणखी एक विजेचं यंत्र, ज्याला आपण जनरेटर म्हणू. गाडीत नेहमीचा गिअरबॉक्स नाही, गिअर बदलणं नाही, क्लच नाही. एवढ्यातच सगळं आलं.

आता फसलेला ट्रॅक्टर डोळ्यांसमोर ठेवा. इंजिन फिरतंय. जनरेटर मोकळा सोडला तर तो चिखलातल्या चाकासारखा गरगर फिरेल आणि गाडीच्या चाकांना काहीही मिळणार नाही. इंजिनाचा जोर रस्त्यापर्यंत जायचा तर जनरेटरनं अडून धरलं पाहिजे. तो धरतो ते चुंबकाच्या बळावर. आणि धरताना फिरत राहतो, म्हणून वीजही तयार होते. ही वीज बहुतेक वेळा बॅटरीत जातच नाही. तारेतून सरळ मोठ्या मोटरकडे जाते आणि मोटर ती चाकांवर खर्च करते.

ताशी १०० नं इंजिनावर जाताना पडद्यावर ‘ईव्ही’ दिसत नाही, म्हणून वाटतं वीज बंद आहे. प्रत्यक्षात त्या क्षणी जनरेटरनं हात सोडला तर गाडी न्यूट्रलमध्ये गेल्यासारखी होईल. इंजिन एकटं या गाडीला पुढे नेऊच शकत नाही.

किती जोर कुठे जातो, हे दात्यांच्या संख्येवरून ठरतं. टोयोटाची पहिली हायब्रिड प्रियस डिसेंबर १९९७ मध्ये जपानमध्ये विक्रीला आली. तिच्या सुरुवातीच्या पिढ्यांत सूर्यचाकाला ३० दाते आणि कड्याला ७८. त्यामुळे इंजिनाच्या पिळापैकी ७२ टक्के कड्याकडे, म्हणजे थेट रस्त्याकडे, आणि २८ टक्के जनरेटरकडे. आजच्या गाड्यांत दात्यांचे आकडे वेगळे असतील, तत्त्व तेच.

याच दात्यांवरून फेऱ्यांचाही हिशेब लागतो. इंजिनाच्या फेऱ्या ३.६ नं गुणायच्या, त्यातून कड्याच्या फेऱ्यांची २.६ पट वजा करायची, की जनरेटरच्या फेऱ्या मिळतात. इंजिन बंद आहे आणि कडं मिनिटाला १००० फेऱ्या घेतंय, तर जनरेटर उलट्या दिशेनं २६०० फेऱ्या फिरतो. गाडीचा वेग वाढला की हे उलटं फिरणं वाढत जातं. २००३ च्या दुसऱ्या पिढीच्या प्रियसमध्ये इंजिन थांबलेलं असताना ताशी ६७ च्या आसपास जनरेटरला साडेसहा हजारांच्या जवळ उलट्या फेऱ्या पडत, आणि तीच त्याची हद्द ठेवलेली होती. त्यापुढे इंजिनाला फिरावंच लागे, मग त्यात पेट्रोल जळो की न जळो. उतारावर ते पेट्रोलशिवाय नुसतं फिरत राही.

“चाळीसच्या वर बॅटरी सुटते” ही समजूत बहुधा अशाच जुन्या मर्यादांमधून आली असावी. पुढच्या पिढ्यांत मोटरला स्वतंत्र गती-कमी करणारा गिअर मिळाला, यंत्रं लहान आणि जास्त फेऱ्या सोसणारी झाली, आणि इंजिन थांबवून जाण्याची हद्द शंभरीच्या पुढे गेली. म्हणून ९७ ला ती हिरवी अक्षरं दिसली.

वेगातली सगळ्यात विलक्षण गोष्ट अजून सांगायची आहे. गणित पुन्हा घ्या. समृद्धीवर १०० नं शांतपणे जाताना समजा कडं ३५०० फेऱ्यांवर आहे. रस्ता सपाट, मागणी बेताची, म्हणून गाडीचा संगणक इंजिनाला फक्त २००० फेऱ्यांवर ठेवतो. कमी फेऱ्या म्हणजे आतलं घर्षण कमी, पेट्रोल कमी. हिशेब केला तर जनरेटर उणे १९००. म्हणजे इंजिन चालू असतानाही तो उलटा फिरतोय. धरायचं तर आहेच, पण आता धरणं म्हणजे वीज बनवणं राहिलं नाही, तर वीज खर्च करून ढकलणं झालं. जनरेटर मोटर झाला. मग त्याला वीज कोण देणार? ती मोठी मोटर. चाकांकडे जाणाऱ्या जोरातला थोडासा भाग ती अडवते, वीज करते आणि जनरेटरकडे पाठवते. दोघांनी कामं अदलाबदल केली. ओढणारा वीज बनवू लागला आणि वीज बनवणारा ढकलू लागला.

ऐकायला हे उलटसुलट वाटतं, आणि प्रत्येक फेऱ्यात थोडी वीज उष्णतेत जातेच. तरी गाडी ते करते, कारण इंजिन कमी फेऱ्यांवर राहिल्यानं होणारी बचत त्या नुकसानीपेक्षा मोठी असते. गाडीला पाचवा-सहावा गिअर नाही, पण त्या गिअरचं काम ही दोन यंत्रं आपसात वीज फिरवून करतात. मधे एक वेग असाही येतो की जनरेटर जवळजवळ स्थिर उभा राहतो. तेव्हा तो नुसतं धरतो, विजेची देवघेव फारच थोडी होते आणि इंजिनाचा जवळपास सगळा जोर दात्यांतूनच रस्त्यावर जातो. त्या घडीला ही रचना सगळ्यात काटकसरी असते.

होंडानं हाच प्रश्न दुसऱ्या वाटेनं सोडवला, आणि ती वाट धामणगावकरांना चांगली ओळखीची आहे. आपल्या गावाच्या नावातच रेल्वे आहे, धामणगाव रेल्वे. स्टेशनात डिझेल इंजिन उभं राहिलेलं आपण लहानपणापासून पाहतो. त्यातलं डिझेल यंत्र चाकांना जोडलेलंच नसतं. ते वीज बनवतं आणि त्या विजेवर धुरांवरच्या मोटरी गाडी ओढतात. होंडा सिटी हायब्रिड शहरात आणि मध्यम वेगाला अशीच चालते. इंजिन जनरेटर फिरवतं, मोटर चाकं. पण वेगात एकसारखं जायचं असेल तर पेट्रोलची वीज करा, विजेचा पुन्हा जोर करा, यात नुकसान होतं. म्हणून तिथे एक क्लच आहे. महामार्गाचा वेग आणि बेताची मागणी असली की तो मिटतो आणि इंजिन थेट चाकांना जोडलं जातं, एकाच ठरलेल्या गिअरवर. ओव्हरटेक करायला पाय दाबला की क्लच सुटतो किंवा मोटर मदतीला येते. म्हणजे होंडात वेगात वीज खरोखर थोडी बाजूला होते, टोयोटात ती मध्यभागीच राहते. मला स्वतःला टोयोटाची रचना जास्त देखणी वाटते. एवढ्या थोड्या दात्यांत इतकं काम करून घेणं सोपं नाही.

रेल्वेचा विषय निघालाच आहे तर ब्रेकचंही बोलून घेऊ. आपल्या मार्गावरची आधुनिक विजेची इंजिनं ब्रेक लावताना मोटरींना जनरेटर करतात आणि तयार झालेली वीज वरच्या २५ हजार व्होल्टच्या तारेत परत सोडतात. ती दुसऱ्या गाडीच्या कामी येते. हायब्रिड कारही ब्रेक लावताना वीज बनवते, पण तिला तार नाही, तिची ती अर्धी बॅटरीच. १२० वरून ८० वर आलं तर सुमारे ०.१३ युनिट सुटतं, त्यातलं बरंचसं पकडता येतं. बॅटरीच्या मानानं हे भरपूर आहे.

अडचण अशी की समृद्धीवर ब्रेक लागतोच कुठे? नागपूरपासून ठाणे जिल्ह्यातल्या आमणेपर्यंत ७०१ किलोमीटर. सिग्नल नाही, चौक नाही, टोलही उतरतानाच. गाडीला परत मिळवायला काही उरतच नाही. याउलट धामणगावहून चांदूर रेल्वे, बडनेरा करत अमरावतीला जा. गावं, गतिरोधक, बैलगाड्या, शाळा सुटलेली पोरं, राजापेठेतली गर्दी. शंभर वेळा थांबा, शंभर वेळा निघा. तिथे ही गाडी पैसे वाचवते.

चिखलदऱ्याचा घाट तिसरी गोष्ट दाखवतो. परतवाड्याकडे उतरताना सातशे मीटरच्या आसपास उंची सुटते, हिशेबानं जवळपास तीन युनिट. चाकांचा विरोध वजा केला तरी बॅटरी घाट संपायच्या कितीतरी आधी भरते. मग जनरेटर इंजिनालाच पेट्रोलशिवाय फिरवतो आणि उरलेली वीज त्या घर्षणात संपवतो. भाचा तिथे घाबरला होता, उतारावर पाय काढलेला असताना इंजिन एवढं ओरडतंय का म्हणून. काही बिघडलेलं नव्हतं. तो ब्रेक वाचवण्याचा उपाय होता.

आता पैशाचं. हायरायडर आणि ग्रँड विटाराच्या हायब्रिडला लिटरमागे २७.९७ किलोमीटर असा प्रमाणित आकडा आहे. तो ज्या चाचणीतून येतो, तिच्यात गाडीचा वेग ताशी ९० च्या वर जातच नाही, आणि बराच वेळ शहरासारखं थांबत-निघत जावं लागतं. समृद्धीवर १२० ची परवानगी आहे. ९० वर जेवढा विरोध असतो त्याच्या दीडपट १२० वर असतो. म्हणून समृद्धीवर तो आकडा मिळत नाही तेव्हा गाडीला किंवा पंपवाल्याला दोष देण्यात अर्थ नाही.

आणखी एक कारण आहे, जे सहसा कोणी सांगत नाही. पेट्रोल इंजिन कमी कामावर फार उधळं असतं. ६० च्या वेगाला पाच किलोवॅट द्यायला सांगितलं तर साधं इंजिन पेट्रोलच्या ताकदीतला मोठा भाग वाया घालवतं. हायब्रिड तिथे इंजिन बंद ठेवते किंवा एकदम चांगल्या कामावर चालवून उरलेलं बॅटरीत टाकते. तिच्या इंजिनाची सर्वोत्तम कार्यक्षमता ४० टक्क्यांच्या आसपास आहे आणि ती त्या जागेजवळ राहायचा प्रयत्न करते. पण १२० वर वीस किलोवॅटची मागणी आली की साध्या गाडीचं इंजिनही आपोआप चांगल्या कामावर येतं. हायब्रिड तिथे बिघडत नाही. साधी गाडीच सुधारते, आणि दोघींतलं अंतर कमी होतं.

समृद्धीवर हायब्रिड चालवणाऱ्यांना माझं सांगणं एकच आहे, ९५ ते १०० वर राहा. शंभर किलोमीटरमागे १२० पेक्षा दहा मिनिटं जास्त लागतील, आणि इंजिनाचं काम जवळपास पावभागानं कमी होईल. हलक्या उतारावर पाय थोडा सैल करा, गाडी स्वतः इंजिन बंद करेल. पुढे ट्रक दिसला तर शेवटच्या क्षणी जोरात ब्रेक मारण्यापेक्षा लांबूनच पाय उचला. जोरात दाबलेल्या ब्रेकमधली बरीच ताकद चकत्यांच्या उष्णतेत जाते, बॅटरीत जात नाही.

आणि जे अजून घेणार आहेत, त्यांनी शोरूमला जाण्याआधी एका वहीत महिनाभराचे किलोमीटर दोन रकान्यांत लिहावेत: एकात गाव, शहर आणि जुना रस्ता, दुसऱ्यात समृद्धी. पहिला रकाना मोठा निघाला तर हायब्रिडचे जास्तीचे पैसे फिटतील. दुसरा मोठा निघाला आणि पाय १२० खाली ठेवायची तयारी नसेल, तर साधी पेट्रोल गाडी घ्या.